रोजची फेरी आणि तिचे खाडे

मुंबईच्या उपनगरांत पहाटे चारपासून दुपारपर्यंत दारोदार जे पोचते, त्यातले बरेचसे त्या दिवशी कुणी मागवलेले नसते. मुलुंडच्या नवघर रोडवरची दुधाची पिशवी, बोरिवलीच्या बाभई नाक्याजवळ कडीला लटकवलेली फुलपुडी, घाटकोपरच्या पंतनगरात दाराखालून सरकवलेला पेपर, अंधेरीच्या मरोळमधल्या कार्यालयांत चढवले जाणारे पाण्याचे २० लिटरचे जार आणि या सगळ्या भागांतून दक्षिणेकडे जाणारे जेवणाचे डबे. हे सारे एकदा ठरते आणि मग चालू राहते. गेल्या काही वर्षांत दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या मालाबद्दल भरपूर लिहिले गेले. रतिबाबद्दल मात्र फारसे कुणी लिहीत नाही, आणि उपनगरांचे घरगुती जीवन तर रतिबावरच उभे आहे.

आता हा रतीब मोबाईलमध्ये आणि संगणकात शिरला आहे. दूधवाल्याची वही अॅपमध्ये गेली, जारवाल्याचा टेम्पो नकाशावर दिसू लागला, पेपरच्या लाईनचा हिशेब व्हॉट्सअॅपवर येऊ लागला. अशा ठरलेल्या फेऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मांडायच्या कशा, सांभाळायच्या कशा आणि त्यातले काय माणसाकडेच ठेवायचे, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. खाडे, बदली माणूस आणि महिन्याचा हिशेब ही सॉफ्टवेअरची खरी कामे आहेत. कोणत्या इमारतीनंतर कोणती, हा क्रम फेरी मारणाऱ्याच्या हाती राहावा. आजची बरीचशी साधने नेमका याच्या उलट भर देतात आणि तिथेच फसतात.

सुरुवात डब्यांपासून करावी लागते, कारण मुंबईत ठरलेल्या फेऱ्यांचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात तपासले गेलेले उदाहरण तेच आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास शंभरेक माणसे घेऊन हे काम सुरू केले. पुढे १९५६ मध्ये नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्टची नोंदणी झाली. माणसे बहुतेक पुणे जिल्ह्यातली: मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. करोनापूर्वी सुमारे ५,००० डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवतात असे सांगितले जाई. घरून काम सुरू झाल्यावर ही संख्या खूप उतरली.

त्यांच्या पद्धतीतला तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा असतात. मधला मोठा आकडा डबा ज्या भागात उतरायचा तो भाग सांगतो. कडेच्या खुणांमध्ये तिथे डबा वाटणाऱ्याचा क्रमांक, इमारतीचे संक्षिप्त नाव आणि मजला असतो. आणखी एक खूण डबा ज्या स्टेशनावरून निघाला ते स्टेशन दाखवते, म्हणजे रिकामा डबा परत त्याच वाटेने येतो. गिऱ्हाइकाचे नाव नाही, घराचा पूर्ण पत्ता नाही. बोरिवलीच्या दौलतनगरातून डबा उचलणाऱ्याला चर्चगेटच्या कार्यालयाची इमारत ठाऊक असण्याची गरज नाही, आणि चर्चगेटला वाटणाऱ्याला दौलतनगरातले घर ठाऊक असण्याची गरज नाही. ज्याला जेवढे लागते तेवढेच खुणेत. घर कोणते हे उचलणाऱ्याच्या डोक्यात असते, कारण तो रोज तिथे जातो.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी २०१० च्या सुमारास या व्यवस्थेचा अभ्यास केला आणि २०१२ मध्ये त्यावर लेख लिहिला. मोठ्या स्टेशनांवर डब्यांच्या पाट्या चढवायला ४० सेकंद आणि मधल्या स्टेशनांवर २० सेकंद मिळतात, ही नोंद त्यात आहे. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे प्रत्येक गटात गरजेपेक्षा थोडी जास्त माणसे धरलेली असतात. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल बिघडली, तर बदली माणूस तिथेच उभा असतो आणि त्याला आजूबाजूच्या लाईनी माहीत असतात. दुसरी म्हणजे, वारंवार डबा उशिरा देणारे घर सोडून दिले जाते. एका घराने दोन मिनिटे खाल्ली की मागच्या सगळ्या घरांची लोकल चुकते. रतीब हा दोन्ही बाजूंनी पाळायचा करार आहे, हे त्यांनी कुठे लिहून न ठेवता अमलात आणले. पुढे ज्या साधनांबद्दल बोलायचे आहे त्यांतली अनेक साधने या दोन गोष्टींना जागाच ठेवत नाहीत. ती फेरी इतकी घट्ट बसवतात की एक माणूस नसला तर सगळे कोसळावे, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूची शिस्त कुठे नोंदवतच नाहीत.

दुधाची वाट वेगळी. आरे वसाहत १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. त्यामागे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची कल्पना आणि चिकाटी होती. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला. आरेच्या केंद्रावर कार्ड घेऊन रांग लावणारी पिढी अजून आहे. केंद्र ठरलेले, बाटल्या ठरलेल्या, रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची, झाकणाच्या रंगावरून दुधाचा प्रकार ओळखायचा. ते घरपोच नव्हते, पण रतिबाची नोंद कशी असावी याचा तो चांगला नमुना होता. कार्डावर घराची ठरलेली गरज असे, आणि त्यावरून सरकारला उद्या किती दूध लागणार याचा अंदाज येई. आजच्या अॅपवाल्यांना रतिबाचे जे आकर्षण आहे ते याच कारणाने. मागणी आदल्या रात्रीच कळलेली असते, त्यामुळे माल वाया जात नाही.

पेपरच्या लाईनीबद्दल थोडक्यात. पहाटे स्टेशनाबाहेर किंवा नाक्यावर गठ्ठे उतरतात, पुरवण्या आत घातल्या जातात, मग मुले आपापली लाईन घेऊन निघतात. लाईनवाल्याचे भांडवल म्हणजे ती लाईन. कोणत्या विंगमध्ये कोणता पेपर, रविवारी कोणाला जास्तीचा अंक, कोण गावी गेला, हे सगळे त्या क्रमात बसलेले असते. अशी लाईन विकली जाते, भाड्याने दिली जाते, मुलाला मिळते. या मालकीच्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

सॉफ्टवेअरमध्ये ठरलेली फेरी मांडताना सगळ्यात आधी एक भेद पक्का करावा लागतो: नियम वेगळा आणि त्या नियमातून निघालेला एकेक दिवस वेगळा. समजा, मरोळमधला जारवाला एका कार्यालयाला सोमवार, बुधवार, शुक्रवार तीन-तीन जार देतो. गेट नऊला उघडते, दहानंतर लिफ्ट मोकळी मिळत नाही, चौथा मजला, तीन रिकामे जार परत घ्यायचे. हा झाला नियम: सुरुवातीची तारीख, वार, संख्या, वेळेची चौकट, थांबायला लागणारी मिनिटे, कोणता टेम्पो. त्यातून पुढच्या दोन आठवड्यांच्या फेऱ्या आपोआप तयार व्हाव्यात. वर्षभराच्या एकदम करू नयेत. मध्ये काही बदलले की शेकडो नोंदी दुरुस्त कराव्या लागतात आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात.

आता कार्यालय कळवते की येत्या बुधवारी सुट्टी. इथे फक्त त्या बुधवारचा खाडा पडला पाहिजे, नियम तसाच राहिला पाहिजे. मग कळवतात की एक तारखेपासून चार जार. इथे जुना नियम महिनाअखेरीला बंद करून एक तारखेपासून नवा सुरू करायला हवा. बहुतेक घोटाळे याच ठिकाणी होतात. घाईत कुणीतरी जुन्या नोंदीतच तीनचे चार करतो, मागच्या सगळ्या फेऱ्यांचा आकडा बदलतो आणि गेल्या महिन्याचे बिल, जे गिऱ्हाइकाने भरलेलेही असते, ते संगणकात वाढलेले दिसते. साधन विकत घेताना मी पहिल्यांदा हेच विचारीन: फक्त आजचे, आजपासून पुढचे आणि सगळे, असे तीन वेगळे पर्याय आहेत का? आणि झालेल्या फेरीला हात लावता येतो का? आला तर ते साधन हिशेबाच्या कामाचे नाही.

पुनरावृत्तीचा नियम संगणकाला सांगण्याची भाषा जगभर बऱ्यापैकी एकच आहे. आयकॅलेंडर नावाचे मानक १९९८ मध्ये आले आणि २००९ मध्ये सुधारले गेले. दर आठवड्याला अमुक वारी, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, अमुक तारखेपर्यंत, आणि यातल्या या तारखा वगळून, असे सगळे त्यात लिहिता येते. वगळलेल्या तारखा म्हणजे आपले खाडेच. पण या भाषेच्या खाचाखोचा माहीत नसल्या तर त्रास होतो. दर महिन्याच्या ३१ तारखेला असा नियम दिला, तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना सरळ गाळला जातो. वसुलीची फेरी महिनाअखेरीला लावणाऱ्याने ३१ न लिहिता महिन्याचा शेवटचा दिवस असेच लिहायला हवे.

दुसरी खाच एक दिवसाआडच्या दुधाची. घरात दोनच माणसे, एक दिवसाआड एक लिटर. ती पाच दिवस गावी गेली. परत आल्यावर घराची अपेक्षा अशी की आलो त्या दिवशी दूध आणि मग एक दिवसाआड. संगणक मात्र मूळ तारखेपासून सम-विषम मोजत बसतो आणि आल्या दिवशी नेमके दूध येत नाही. चांगल्या साधनात खाडा संपल्यावर मोजणी नव्याने सुरू करायची की जुनी चालू ठेवायची, हे गिऱ्हाईकनिहाय ठरवता येते. शिवाय एक दिवसाआडचे गिऱ्हाईक या आठवड्यात सोमवारी येते आणि पुढच्या आठवड्यात मंगळवारी. अशी गिऱ्हाइके फार झाली की रोजचा भार वरखाली होतो. टेम्पो भरायचा असेल तर सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार अशा दोन पाळ्यांत गिऱ्हाइके वाटणे बरे. कोणाला कोणत्या पाळीत टाकायचे हा गणिताचाही जुना प्रश्न आहे. बेल्ट्रामी आणि बोडिन या दोघांनी १९७४ मध्ये शहराच्या कचरागाड्यांच्या संदर्भात तो मांडला होता. आपल्याकडे मुलुंडच्या क्षेपणभूमीचे दार २०१८ मध्ये नव्या कचऱ्याला बंद झाले आणि गाड्या कांजूरमार्गकडे वळल्या, तेव्हा गाडी भरून रिकामी व्हायला लागणारा वेळच बदलला. असे झाले की आधी पाळ्याच पुन्हा तपासाव्या लागतात, रस्त्यांचा क्रम नंतर.

सुट्ट्यांचे तर वेगळेच. प्रत्येक धंद्याची सुट्टी वेगळ्या दिवशी पडते. छापखाना सणाच्या दिवशी बंद असतो, म्हणून पेपर सणाच्या दुसऱ्या दिवशी येत नाही. सरकारी सुट्ट्यांची यादी जशीच्या तशी भरली तर लाईनवाला चुकीच्या दिवशी घरी बसेल. दुधाला सुट्टीच नाही, उलट मागणी वाढते. कार्यालयांच्या जारांना शनिवार-रविवार नाही, घरच्या जारांना रविवारीच मागणी. डबेवाले दरवर्षी चैत्राच्या सुमारास गावच्या जत्रेसाठी काही दिवस सगळे मिळून रजेवर जातात आणि ते आधी जाहीर करतात. ही एकत्र रजा फार शहाणपणाची आहे. दहा माणसांनी वेगवेगळ्या वेळी रजा घेतली तर दहा वेळा बदली शोधावी लागते.

आणि मग पंचांग. संकष्टी, एकादशी, श्रावण, पर्युषण यांवर उपनगरांतली मागणी हलते. फुलपुडीवाल्याला संकष्टीला दुर्वा जास्त लागतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या जैन घरांत पर्युषणात हिरव्या भाज्या बंद होतात. आयकॅलेंडरच्या मूळ नियमात तिथी बसत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि श्रावण दोन महिने चालला. उत्तर भारतीय घरांचा श्रावण पौर्णिमेनंतर, म्हणजे आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. याला सोपा उपाय एवढाच: वर्षाच्या सुरुवातीला पंचांगातून त्या तारखांची यादी भरून ठेवायची, तिला नाव द्यायचे आणि ज्या गिऱ्हाइकाने मागितले असेल त्यालाच ती जोडायची. आडनावावरून अंदाज बांधून कुणाचे दूध वाढवू नये, कुणाची भाजी कमी करू नये. माणसे चिडतात आणि चिडणे योग्यच आहे.

आता रस्त्याच्या क्रमाकडे. इथे सॉफ्टवेअर विकणारे सगळ्यात जास्त बोलतात. डँट्झिग आणि रॅमसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोल पंपांना इंधन पोचवणाऱ्या ट्रकांचा प्रश्न मांडला. क्लार्क आणि राइट यांनी १९६४ मध्ये त्यावर व्यवहारात चालेल अशी रीत दिली. प्रश्न खरोखर कठीण आहे. २० थांबे कोणत्या क्रमाने घ्यायचे याचे पर्याय २४ वर १७ शून्ये इतके होतात. आज हे गणित फुकट मिळणारी साधनेसुद्धा चांगले करतात. मुंबईतली लॉजीनेक्स्ट, बंगळुरूची लोकस अशा कंपन्या मोठ्या गिऱ्हाइकांसाठी हेच काम करतात. एका दिवसाच्या वेगवेगळ्या मालासाठी, जिथे रोज पत्तेच नवे असतात, तिथे त्याचा फायदा निर्विवाद आहे.

रतिबाला मात्र रोज नवा क्रम लागत नाही. उद्या दोन खाडे पडले म्हणून संगणकाने सगळी फेरी उलटी केली, तर काही मिनिटे वाचतील, पण साडेसहाला दूध येते म्हणून सव्वासहाला उठणारी आजी साडेसातपर्यंत ताटकळेल आणि वॉचमन वेगळ्या वेळी आलेल्या अनोळखी मुलाला गेटवर अडवेल. गणितवाल्यांच्याही हे ध्यानात आले आहे. ग्रोअर, गोल्डन आणि वासिल यांनी २००९ मध्ये याच प्रश्नाचे वेगळे रूप मांडले: त्याच गिऱ्हाइकाकडे तोच माणूस, साधारण त्याच वेळी गेला पाहिजे, ही अट धरून रस्ता काढायचा. आणि २०२१ मध्ये अॅमेझॉनने एमआयटीसोबत एक स्पर्धा घेतली. अमेरिकेतल्या पाच महानगरांमधल्या नऊ हजारांहून अधिक खऱ्या फेऱ्यांची माहिती संशोधकांपुढे ठेवली आणि विचारले की अनुभवी चालक संगणकाचा क्रम सोडून स्वतःचा क्रम का लावतात ते शिकून दाखवा. इतकी साधने हाताशी असलेल्या कंपनीला चालकाच्या शहाणपणाकडे परत यावे लागले, ही गोष्ट आपल्या दूधवाल्यांनी साधन विकायला आलेल्या माणसाला आवर्जून सांगावी.

त्या शहाणपणात असते तरी काय? उपनगरांतच पाहू. मुलुंड १९२२ च्या सुमारास आखीव रस्त्यांनी वसवले गेले. पाच रस्त्याच्या आसपास सरळ गल्ल्या आहेत, तिथे नकाशावरचा क्रम बऱ्यापैकी जमतो. घाटकोपरच्या असल्फा किंवा भटवाडीच्या टेकडीवर तोच नकाशा निरुपयोगी ठरतो. तिथे दोन घरांमधले अंतर हवेतून वीस मीटर आणि पायऱ्यांनी दहा मिनिटे असू शकते. जड माल आधी वर न्यायचा की शेवटी, हे खांद्याला कळते. अंधेरीत पूर्व-पश्चिम ओलांडायचे झाले की सगळा दिवस त्या एका ओलांडणीभोवती बांधावा लागतो, म्हणून अनुभवी चालक एका बाजूचे सगळे थांबे संपवल्याशिवाय रुळांपलीकडे जात नाही. संगणकाला अंतर दिसते, त्यामुळे तो दोनदा पलीकडे जायला सांगतो.

अंधेरीत रुळांवरून पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या गोखले पुलाने हे सगळ्यांना शिकवले. २०१८ च्या जुलैमध्ये त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल वाहतुकीला पूर्ण बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळेना. ती जोडणी २०२४ च्या पावसाळ्यात झाली आणि दुसरी बाजू २०२५ च्या मे महिन्यात खुली झाली. म्हणजे अडीच वर्षे अंधेरीच्या प्रत्येक ठरलेल्या फेरीची बांधणी वेगळी होती. पावसाळ्यात अंधेरी सबवे आणि मिलन सबवे पाण्याखाली जाऊन बंद होतात, तेही भरती आणि पाऊस एकत्र आले की अर्ध्या तासात. अशा जागी रोज नव्याने गणित करण्यापेक्षा फेरीच्या दोन-तीन ठरलेल्या वाटा आधीच नोंदवून ठेवणे केव्हाही बरे: कोरड्या दिवसाची, सबवे बंदची, विसर्जनाच्या दिवसाची. सकाळी मुकादमाने एक बटण दाबून वाट बदलावी आणि प्रत्येकाच्या फोनवर तीच दिसावी. वाटा तयार असल्या की गोंधळ होत नाही, गिऱ्हाइकाला किती उशीर होईल हेही आदल्या अनुभवावरून सांगता येते.

काही वेळा बदल चांगल्यासाठीही होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवरच्या जकातीसाठीच्या ट्रकांच्या रांगा संपल्या. ज्यांच्या फेरीत नाक्यावरच्या थांब्याचे तास धरलेले होते, त्यांना ते काढून टाकावे लागले. थांब्याची मिनिटे एकदा भरली की कुणी परत पाहत नाही, ही वाईट सवय आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीनंतर, प्रत्येक थांब्याची खरी मिनिटे तपासावीत.

रेल्वेवर चालणाऱ्या फेरीचे गणित आणखी नाजूक. रविवारचा मेगाब्लॉक डब्यांना फारसा लागत नाही, कारण कार्यालये बंद असतात. पण २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मध्य रेल्वेने ठाणे आणि सीएसएमटीच्या फलाटांच्या कामासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला आणि ९३० लोकल रद्द केल्या, तेव्हा शुक्रवार-शनिवारही त्यात आले. मुलुंड-घाटकोपरवरून जाणाऱ्या कोणत्याही ठरलेल्या फेरीला असा ब्लॉक म्हणजे सरसकट खाडा. अशा वेळी साधनात हजार गिऱ्हाइकांचा खाडा एका नोंदीत टाकता आला पाहिजे आणि तो सर्वांच्या बिलातून आपोआप वजा झाला पाहिजे.

पत्त्याचा प्रश्न नकाशावाल्यांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पिनकोड १९७२ चा. बरीच साधने फेऱ्या त्यावरूनच पाडतात, पण एका पिनकोडात रुळांच्या, नाल्याच्या, महामार्गाच्या दोन्ही बाजू येऊ शकतात. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. त्यात देशाची प्रत्येक चार मीटर बाय चार मीटर जागा दहा अक्षरांत ओळखता येते. आडव्या वस्तीला, चाळीला, टेकडीवरच्या घराला त्याचा मोठा उपयोग होईल. पण बोरिवलीच्या आयसी कॉलनीत किंवा अंधेरीच्या लोखंडवाल्यात जागा उभी वाढली आहे. एकाच चौकोनावर वीस घरे एकावर एक आहेत. डबेवाल्यांच्या खुणेत मजला असतो तो यासाठी. साधनात विंग, मजला, कोणत्या गेटने आत जायचे, पिशवी कडीला अडकवायची की पेटीत ठेवायची, बेल वाजवायची की नाही, या नोंदींना स्वतंत्र जागा हवी. शेरा म्हणून एका ओळीत कोंबलेले कुणी वाचत नाही. बदलीवर आलेला मुलगा फेरी सांभाळू शकतो की नाही, हे या नोंदींवर ठरते.

आणि बदली हीच माझ्या मते साधनाची खरी परीक्षा. नेहमीचा माणूस चार दिवस गावी गेला, दुसरा कुणी फोन घेऊन निघाला आणि सगळ्या पिशव्या जागच्या जागी पोचल्या, तर साधन कामाचे. यासाठी नेहमीच्या माणसाने आपला क्रम स्वतः नोंदवायला हवा. त्याने चालत जावे, प्रत्येक दारी बटण दाबावे, क्रम आपोआप साठवला जावा. कार्यालयात बसून नकाशावर क्रम ओढून त्याला पाळायला लावणे हा उलटा मार्ग आहे. तसेच, त्याने नोंदवलेल्या मिनिटांवरून त्याच्या फेरीत थांबे वाढवू नयेत. एकदा तसे झाले की पुढच्या वेळी कुणी खरी मिनिटे नोंदवणार नाही, आणि मग साधनातली सगळीच माहिती खोटी होते.

हिशेबाच्या बाजूला फायदा सगळ्यात स्पष्ट आहे. दूधवाल्याच्या वहीत एका घराची एक आडवी ओळ, तीस-एकतीस रकाने, खाड्याला फुली, जास्तीच्या पिशवीला आकडा. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या, दर मध्येच वाढला असेल तर दोन तुकडे करायचे. भांडणे होतात ती याच फुल्यांवरून. घर म्हणते सहा खाडे, वही म्हणते चार. खाडा कळवल्याची वेळ आणि तो मान्य झाल्याचा निरोप दोन्हीकडे राहिला की हा वाद मिटतो. रात्री दहापर्यंत कळवले तर उद्याचा खाडा धरला जाईल, अशी एक वेळ ठरवून ती सगळ्यांना सांगावी आणि साधनानेही तीच पाळावी. मालकाच्या ओळखीच्या घराला अकरा वाजता सूट दिली की नियम मोडतो.

राहिला मालकीचा प्रश्न. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुपर डेलीने मुंबईत दुधाचा रतीब अॅपवर आणला, २०१८ मध्ये स्विगीने ती विकत घेतली आणि मे २०२२ मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली परिसर, हैदराबाद आणि चेन्नईतली सेवा बंद केली. बिगबास्केटची बीबी डेली, कंट्री डिलाइट वगैरे चालू आहेत. कंपनी येते-जाते, तेव्हा गिऱ्हाईक दुसरीकडे वळू शकते. पण ज्या लहान वितरकाने आपली लाईन दुसऱ्याच्या अॅपवर चढवली, त्याचे काय? वहीतली लाईन त्याची होती, विकता येत होती. अॅपमध्ये गिऱ्हाइकाची यादी, क्रम, थकबाकी, खाड्यांचा इतिहास हे सगळे कुणाच्या नावावर आहे, हे करारात बारीक अक्षरांत असते आणि कुणी वाचत नाही. कंपनीने उद्या थेट त्या घरांना दूध द्यायचे ठरवले, तर वितरकाच्या हाती काय उरते?

म्हणून साधन घेताना किमतीच्या आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. सगळी यादी क्रमासह आणि थकबाकीसह साध्या तक्त्यात कधीही काढून घेता आली पाहिजे. करार संपल्यावर कंपनीने त्या यादीतल्या घरांशी स्वतः व्यवहार करू नये. आणि इंटरनेट नसतानाही त्या दिवसाची फेरी फोनवर उघडली पाहिजे, कारण तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि लिफ्टमध्ये रेंज नसते. या तिन्हींना होकार मिळाला तरी पहिले दोन महिने वही चालूच ठेवावी आणि दोन्ही बिले घरोघर ताडून पाहावीत. दुसऱ्या महिन्यात फरक राहिलेली घरे बहुतेक एक दिवसाआडवाली किंवा मध्ये गावी जाऊन आलेली निघतील. त्यांचे नियम हाताने तपासून पुन्हा लिहावेत आणि मगच वही बंद करावी.